माणिकदादा, दहावा रविवार राहिला

ऐका हो ऐका! परतूर शहर आणि पंचक्रोशीतील तमाम बंधू-भगिनींना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, रविवारच्या बैठकीतील खिडकीजवळची, दोन्ही हात शाबूत असलेली एकमेव प्लास्टिकची खुर्ची रिकामी झाली आहे. सदर खुर्चीवर कोणीही बसू नये, तिच्यावर पिशवी ठेवू नये आणि ‘जरा सरकवतो’ असं म्हणून तिला हातही लावू नये!

हसू नकोस, माणिकदादा. मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं सुरुवात करता येत नाही. वीस-बावीस वर्षं झाली, रिक्षावर भोंगा बांधून मी या गावात पाणी येणार नसल्याचं, शेळी हरवल्याचं, साड्यांचा सेल लागल्याचं आणि माणसं गेल्याचं सांगत फिरतोय. तूच एकदा म्हणाला होतास, “भोंग्या, तुझ्या तोंडून मयताची खबर बी सेलवानी वाटती.”

तुझीही खबर मीच दिली. तुझ्या थोरल्या भावाचा फोन आला, “भोंगेवाले, परतुरात आपले बरेच पाव्हणे हायेत, एक चक्कर मारा.” मजकूर माझा पाठच आहे, फक्त नाव बदलायचं असतं. मोंढ्यापर्यंत, म्हणजे धान्यबाजारापर्यंत, नीट गेलो. तिथं तुझं नाव आलं आणि पुढचं वाक्य निघेना. माईक चालू, रिक्षा चालू, आणि भोंग्यातून नुसतं माझं नाक ओढणं. चहावाल्यापाशी उभा असलेला एक जण ओरडला, “आवाज येऊन नाही राह्यला!” एवढ्या वर्षांत मी धंद्यात पहिल्यांदा नापास झालो, दादा, आणि ते तुझ्यामुळे.

आपली ओळख कुठल्या लग्नात किंवा बाजारात झाली असती तर चारचौघांत सांगता आली असती. आपण भेटलो ते आपापल्या लेकरांच्या तक्रारी घेऊन. माझ्या चिरंजीवानं, ओमनं, माझा अँप्लिफायर पाण्याच्या टाकीत बुडवला होता आणि वर्गातल्या एका पोराचा दात पाडला होता. तुझी पल्लवी अकरा वर्षांची. तिनं शाळेतली ट्यूबलाइट फोडली, तिथल्या शिपाई मावशीच्या हाताला चावली आणि हेडमास्तरांच्या मोटारसायकलचा आरसा एका दगडात उडवला. एका दगडात! पहिल्या दिवशी तू ते सांगताना तुझ्या आवाजात कौतुकाचा एक बारीक कण होता. मला तो ऐकू आला. आवाज हाच माझा धंदा आहे. पण तू लगेच खाकरलास आणि म्हणालास, “लई वांड हाय.”

जालन्याहून समुपदेशक केतकी मॅडम यायच्या. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये सहा घरं गोल करून बसायची, दहा रविवार. मला आधी वाटलं होतं, लेकरू मॅडमच्या हवाली करायचं, खाली जाऊन चहा प्यायचा आणि दुरुस्त झालेलं लेकरू परत न्यायचं. मॅडम म्हणाल्या, “नाही. लेकराबरोबर अख्खं घर बसायचं. आणि एकमेकांच्या घरांदेखत बसायचं.” तू माझ्या कानात म्हणालास, “म्हंजी चावडीच की ही.” तेव्हाच मला कळलं, या माणसाशी आपलं जमणार.

मॅडमचा पहिला नियम साधा होता. दर रविवारी प्रत्येक आईबापानं आपल्या लेकराच्या डोळ्यांत बघून, त्यानं आठवड्यात केलेली एक चांगली गोष्ट सांगायची. लहान असली तरी चालेल, खरी पाहिजे. आणि वाक्यात ‘पण’ आणायचा नाही. “लेकराचा कान ‘पण’च्या अलीकडचं सगळं सोडून देतो,” मॅडम म्हणाल्या. “त्याला फक्त पुढचं ऐकू येतं.” कुणी ‘पण’ म्हणालं की लेकरांनी ताट वाजवायचं, आणि मग त्या माणसानं वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं. स्टीलचं एक जेवणाचं ताट आणि एक मोठा चमचा. ते ताट सांभाळायचं काम मॅडमनी पल्लवीला दिलं. मला वाटलं, आता या ताटाचं काही खरं नाही.

तुला आठवतंय ना पहिला रविवार? तू खुर्चीत ताठ बसलास, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीस, कोर्टात साक्ष द्यावी तसा. “पल्लवीनं सोमवारी पाणी भरलं, पण हंडा चेपवला.” टण्ण! “पल्लवीनं सोमवारी पाणी भरलं... पण सांगावं लागलं.” टण्ण! “आरं, पाणी भरलं म्हन्लं ना, पण...” टण्ण! सगळी लेकरं हसायला लागली. पल्लवी हसत नव्हती. ती तुझ्या ओठांकडे बघत, चमचा उगारून, तयारीत बसली होती. चौथ्या वेळी तू म्हणालास, “ऱ्हाऊ द्या मॅडम, म्हशी तहानल्या असतील.” आणि उठलास.

मी काय केलं? मी उभा राहून, हात पसरून, ओमची आरती ओवाळली. माझा वाघ, माझा हिरा, माझ्या घराचा दिवा! ताट एकदाही वाजलं नाही. टाळ्या पडल्या. ओम नखं खात बसला होता.

खाली जिन्यापाशी तू मला गाठलंस. आपलं भांडण तिथं सुरू झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. “तू पेढे वाटल्यावानी शाब्बास वाटतो,” तू म्हणालास. “तुझ्या पोराला म्हाईत हाय, बाप बाजारात असंच बोलतो.” मी चिडलो. म्हणालो, “आणि तू? म्हशीला ‘माझी लक्षुमी’ म्हणतोस, बैलाला ‘राजा’ म्हणतोस, पोटच्या पोरीला एक गोड शब्द निघत नाही.” तू म्हणालास, “बैलाच्या गळ्यात काळा गंडा हाय.” मला वाटलं, उत्तर सुचलं नाही म्हणून काहीतरी फेकलंस. मी हसलो. तू गाडीला किक मारलीस. वहिनी आणि पल्लवी मागं बसल्या आणि तुम्ही तिघं कुंभार पिंपळगावच्या रस्त्याला लागलात.

आता पाचव्या रविवारचं. ते टाळून पुढं जाता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी अदलाबदलीचा खेळ होता. चिठ्ठ्या टाकायच्या आणि निघेल त्या माणसाच्या जागी बसून, त्याच्यासारखं बोलायचं. दुसऱ्याच्या कातड्यात शिरून बघायचं, एवढाच हेतू. माझ्या चिठ्ठीत तू निघालास. दादा, नट माणसाच्या हातात अशी चिठ्ठी देऊ नये. मी तुझी टोपी मागून घेतली. तुझ्यासारखा खाकरलो. गुडघ्यावर हात ठेवून, मान वाकडी करून म्हणालो, “पल्लवीनं आज श्वास घेतला, पण आवाज लई केला.” अख्खा हॉल हसत सुटला. “पल्लवी जन्माला आली, पण येळेवर न्हाई!” लेकरांनी ताट असं बडवलं की त्याला मधोमध पोचा पडला. माझी बायको डोळे पुसत होती. सुनंदावहिनी पदरात तोंड घालून हसत होत्या. आणि पल्लवी, पाच रविवार ओठ न हलवलेली पल्लवी, खुर्चीवरून खाली पडेपर्यंत हसली.

तूही हसलास. मला दिसलं. मग माझ्या डोक्यावरची टोपी काढून घेतलीस, झटकलीस आणि जिना उतरून गेलास.

मॅडम मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाल्या, “तुम्ही ते टाळ्यांसाठी केलंत.” त्या कधी रागावत नाहीत. म्हणून ते अजून टोचतं.

सहावा, सातवा, आठवा. तीन रविवार वहिनी पल्लवीला घेऊन एसटीनं आल्या. खिडकीजवळची खुर्ची रिकामी. पल्लवी ताट मांडीवर घेऊन बसायची आणि कुणाच्याही ‘पण’वर वाजवायची नाही. दुसरी लेकरं तिला ढोसायची, “वाजव की!” ती दाराकडे बघायची. सातव्या रविवारी तिनं ओमच्या पाठीत चमचा घातला. ओमनं उलटून मारलं नाही. का ते मी त्याला विचारलंही नाही. मी तुझ्याच विचारात होतो.

आठव्यानंतर मी तुझ्या गावाला आलो. तू गोठ्यात होतास, पाठमोरा. बैलाच्या कपाळावरून हात फिरवत म्हणत होतास, “दमला का राजा? आज लई वढलं तू. म्या पाह्यलं.” मी दारातच थांबलो. एवढ्या वर्षांच्या माझ्या बोलण्यात ‘म्या पाह्यलं’ हे दोन शब्द मी कुणाला म्हटल्याचं मला आठवेना. मग तू वळलास. मी कान धरले, उठाबशा काढायला लागलो. तिसऱ्या उठाबशीला गुडघा अडकला. तू हात देऊन उठवलंस आणि म्हणालास, “नाटक्या. चहा घे.” माफी मागितली ती एवढीच. तीही मी नाटक करूनच मागितली. सरळ शब्दांत मागायची राहिली ती राहिलीच.

नवव्याला तू आलास. खुर्चीत बसलास. पल्लवीनं ताट उचललं. तू म्हणालास, “पल्लवी, तू आजीला औषध देती रोज...” आणि थांबलास. अख्खा हॉल थांबला.  मग अगदी हळू, “पण...” तिनं ताट वाजवलं तेसुद्धा हळू. तू मान हलवलीस. मॅडम म्हणाल्या, “पुढच्या रविवारी. शेवटचा आहे. घाई नाही.” घाई नाही म्हणाल्या, दादा.

बाजारच्या दिवशी तू कापूस घेऊन आलास आणि माझ्या रिक्षात येऊन बसलास. मोंढ्याच्या भिंतीच्या सावलीला. “भोंग्या, मला शिकव,” म्हणालास. “तू कसं बोलतो न अडकता?” मी गंमत म्हणून माईक तुझ्या हातात दिला. भोंगा बंद केला, कार्डावर आवाज भरून घ्यायचं बटण दाबलं. म्हटलं, “बोल. मग ऐकून बघू, कुठं अडकतोस.” तू माईककडे नांगराच्या फाळाकडे बघावं तसा बघत राहिलास. मग माईक मांडीवर ठेवलास, मी बटण बंद केलं, आणि तू भलतंच सांगितलंस.

“पल्लवीच्या आधी एक व्हतं आम्हाला. पोरगं. दोन वर्साचं. लई देखणं. म्या चारचौघांत म्हन्लो, ह्याच्यासारखं लेकरू पंचक्रोशीत न्हाई. तीट बी लावली नव्हती त्या दिवशी. आठ दिवसांत तापानं गेलं.” तू रस्त्याकडे बघून बोलत होतास. “मंग ही झाली. हिला म्या कधी नुसतं चांगलं म्हन्लोच न्हाई. गालाला काजळ लावत्यात ना, तसं. चांगलं म्हन्लं की वरून एक ‘पण’ लावायचा. म्हंजी कुणाची नजर लागत न्हाई. माही बी.”

  पाचव्या रविवारी ज्यावर मी हॉल हसवला, ते तुझ्या लेकीच्या गालावरचं काजळ होतं. त्या खुणेवरून मी तिच्याचदेखत टिंगलीचा हात फिरवला होता. आणि तू मला चहा पाजलास.

“मॅडमला हे सांग,” मी म्हणालो. “कामून?” तू म्हणालास. “त्यांचं बराबरच हाय. लेकराला कुठं दिसतं काजळ? त्याला वाटतं, बापाला आपल्या तोंडावर डागच दिसतो.” मग तू माईक उचललास आणि मी बटण पुन्हा दाबलं.

चार दिवसांनी, दहाव्या रविवारच्या आदल्या सकाळी, तू शेतात खाली बसलास आणि उठला नाहीस.

दहावा रविवार झाला. पाच घरं बसली. ओमची पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो नाही, हात पसरले नाहीत. म्हणालो, “ओम, सातव्या रविवारी पल्लवीनं तुला मारलं. तू उलटून मारलं नाहीस. मी पाहिलं होतं, पण...” ताट वाजवायला पल्लवी नव्हती. मी आपला आपणच पुन्हा पहिल्यापासून म्हणालो. या वेळी ओम नखं खात नव्हता. ही विद्या तुझी. तुला सांगायची राहिली. मॅडमनी ते पोचा पडलेलं ताट आणि चमचा माझ्या हातात दिला. “पल्लवीला द्या,” म्हणाल्या.

आता जे सांगतो त्याला शिवी घातलीस तरी चालेल. तुझा आवाज माझ्या कार्डावर होता. घरी बसून मी तो पुन्हा ऐकला. तुझं वाक्य पुरं झालं होतं, दादा, सुरेख झालं होतं. मग तीन श्वासांची शांतता, मग ‘पण’, आणि मग माईक खाली आपटल्याचा आवाज. मला कापाकापी येते. सेलच्या जाहिरातीतलं खोकणं मी रोज कापतो. मी तुझा ‘पण’ कापला. शांतताही कापली, खाकरणंही कापलं. स्वच्छ, गोड, पुरं वाक्य मोबाइलवर घेतलं. वाटलं, तीन रविवार मी चोरले, निदान एवढं परत करू. काजळाची गोष्ट ऐकून पुरता आठवडा झाला नव्हता तोवर मीच ते पुसून टाकलं, आणि मला वाटत होतं मी पुण्य करतोय.

तुझ्या तेरवीला रिक्षा घेऊनच आलो. पंगती बसल्या होत्या. वहिनी घरात, बायांच्या घोळक्यात. पल्लवी गोठ्यापाशी एकटी. तेरा दिवसांत ती रडली नव्हती, कुणाला मारलंही नव्हतं, बोललीही नव्हती. तुझे भाऊ म्हणाले, “पोरगी लई शांत झाली.” ते ऐकून मला भीती वाटली.

मी तिला ताट दिलं. मग मोबाइल तिच्या कानाला लावला. तिनं ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागं सरलो.

“हे पप्पा न्हाईत,” ती म्हणाली. “तुम्ही नक्कल करून राह्यले.”

दादा, यावर काय म्हणशील? तुझा खरा आवाज, आणि लेकीला वाटलं, या नाटक्यानं पुन्हा टोपी घातली. तिचं काय चुकलं? तिचा बाप असा बोलतच नव्हता. मी शपथा घेतल्या. ती पाठ फिरवून चालायला लागली. तेव्हा मी म्हणालो, “थांब. मी कापलंय. अख्खं ऐक.” आणि तिला रिक्षात बसवलं, तू बसला होतास त्याच जागी. मूळ कार्ड यंत्रात घातलं. ती उतरून जाईल या घाईत भोंगा बंद करायचा राहिला.

वाक्य भोंग्यातून अख्ख्या गावावर गेलं. आधी तुझं ते खाकरणं. पंगतीत वाढणारे जागच्या जागी थांबले. वहिनी दारात आल्या.

“पल्लवी... चुलतभावानं परवा तुला चिडवलं. तू हात न्हाई उचलला. गोठ्यात जाऊन कडबा तोडीत बसली. म्या पाह्यलं. मला लई बरं वाटलं.”

मग ती शांतता. भोंग्याची खरखर. एक श्वास, दुसरा, तिसरा. पल्लवीनं मांडीवरचं ताट कधी हातात घेतलं ते मला दिसलं नाही.

“पण...”

टण्ण!

भोंग्यात माईक आपटला आणि भोंगा बंद पडला. म्हणजे कार्डावरचं संपलं.  गोठ्यात राजा मान वर करून भोंग्याकडे बघत होता. आणि तुझी पोरगी रिक्षात उभी राहिली, चमचा उगारलेला, डोळ्यांतून धारा, आणि त्या भोंग्याकडे बघत सगळ्या गावादेखत ओरडली:

“पप्पा, ताट वाजलं! परत म्हणा! पहिल्यापासून म्हणा!”